चालवणारा रोबोट : काय मिळते, काय मिळत नाही

या पानावर आम्ही सुताचे भाव, कापडाची मागणी, उधारीची वसुली अशा विषयांवर लिहीत असतो. आज मात्र इस्पितळातल्या एका यंत्राविषयी लिहायचे आहे. व्यापाराच्या पानावर इस्पितळ कशाला, असे वाचक बांधव विचारतील. कारण असे की या यंत्रापायी एका कारखानदाराने आपले चार माग विकायला काढले होते आणि त्या सौद्याच्या बोलणीत आम्ही स्वतः बसलो होतो.

हकीगत थोडक्यात अशी. आमच्या ओळखीच्या घरातला एक तरुण मुलगा गोदामात गासड्यांच्या थप्पीवर चढला होता. पाय घसरला आणि तो पाठीवर पडला. मणका मोडला. ऑपरेशन झाले, जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह! पण कमरेखालचे अंग गेले. दोन महिन्यांनी कुणीतरी मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. परदेशातला एक माणूस पट्ट्यांनी वरून टांगलेला आहे, पायांना यंत्राचे हात बांधलेले आहेत आणि तो पावलामागून पाऊल टाकत चालला आहे. मुलाच्या वडिलांनी ती पाहिली आणि त्याच रात्री ते आमच्याकडे आले. म्हणाले, "भाई, माग गेले तर पुन्हा येतील. पोरगा चालला पाहिजे."

आम्हीही भावनेच्या भरात मोहल्ल्यात चंदा सुरू केला. रमजान जवळ होता, लोकांनी सढळ हाताने दिले. वहीत नावे चढली, रक्कम सहा आकड्यांत गेली. पण ते यंत्र नेमके काय करते, कोणाला उपयोगी पडते, हे आमच्यापैकी कुणीही विचारले नव्हते. कापडाचा तागा घेताना आपण पोत बोटांत धरून पाहतो, उजेडाला धरून तार पाहतो. इथे लाखांचा सौदा होता आणि माल पाहिलेलाच नव्हता. मग आम्ही डॉक्टरांना भेटलो, फिजिओथेरपीच्या जाणकारांना भेटलो, वाचून-विचारून घेतले. जे समजले ते इथे मांडत आहोत. अल्लाह न करो, पण कुणाच्या घरावर अशी वेळ आली तर सौद्याआधी माल तरी पाहता येईल.

तुटते ते काय?

पाठीच्या कण्यात मणक्यांची माळ असते. त्या माळेच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. हा दोर करंगळीएवढा जाड आणि प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. मेंदूचा हुकूम याच दोरातून पायांकडे जातो आणि पायांची खबर याच दोरातून वर येते. त्यातून नसांच्या ३१ जोड्या दोन्ही बाजूंना फुटतात.

मणका हे हाड आहे. ते मोडले तर पट्टी-स्क्रू लावून बसवता येते आणि पुढे ते जुळते. मज्जारज्जूचे तसे नाही. त्यातले तंतू एकदा तुटले की पुन्हा कामापुरते जुळत नाहीत. मागावर तार तुटली तर कारागीर गाठ मारून पुढे जातो. इथे गाठ मारणारा कारागीर अजून मिळालेला नाही. म्हणून "ऑपरेशन यशस्वी झाले" याचा अर्थ हाड नीट बसले, दोरावरचा दाब काढला, एवढाच घ्यावा. पाय चालू लागतील, असा अर्थ त्यातून काढू नये.

मात्र प्रत्येक अपघातात सगळ्या तारा तुटतात असेही नाही. कधी शंभरातल्या दहा शिल्लक राहतात, कधी पन्नास. किती शिल्लक आहेत, यावर पुढचे सारे अवलंबून असते. हे तपासण्यासाठी डॉक्टर जगभर एकच मोजपट्टी वापरतात. तिच्यात ए पासून ई पर्यंत पाच दर्जे आहेत. 'ए' म्हणजे पूर्ण दुखापत : मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या भागात, म्हणजे बैठकीच्या जागी, ना स्पर्श कळतो ना हालचाल होते. 'बी' म्हणजे तिथे स्पर्श कळतो, पण दुखापतीच्या खाली हालचाल नाही. 'सी' म्हणजे हालचाल आहे, पण दुखापतीखालच्या निम्म्याहून अधिक मुख्य स्नायूंत स्वतःचे वजन उचलण्याइतकी ताकद नाही. 'डी' म्हणजे निम्म्या किंवा त्याहून जास्त स्नायूंत तेवढी ताकद आहे. 'ई' म्हणजे तपासणीत सर्व ठीक.

बाजारात ज्याप्रमाणे मालाचा नंबर कळल्याशिवाय भाव बोलत नाहीत, त्याप्रमाणे हा दर्जा कळल्याशिवाय कोणत्याही महागड्या इलाजाची बोलणी करू नयेत. आमच्या मुलाच्या कागदांत हा दर्जा लिहिलेला होता. आम्ही कुणी तो वाचलाच नव्हता.

यंत्र आले कुठून?

या यंत्रामागची कल्पना जुनी आहे. १९११ साली इंग्लंडमधील ग्रॅहम ब्राउन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला तरी पावले टाकण्याची लय मज्जारज्जूत शिल्लक असते. पुढे १९८७ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे बार्बो आणि रॉसिन्यॉल यांनी अशा मांजरांना चालत्या पट्ट्यावर रोज तालीम दिली, तेव्हा ती मागच्या पायांनी पावले टाकू लागली.

जॅकार्डच्या मागावर काम केलेल्यांना ही गोष्ट लवकर समजेल. नक्षी कारागिराच्या हातात नसते, ती वर लावलेल्या पत्त्यांत असते. कारागीर माग चालवतो, नक्षी पत्ते उतरवतात. चालण्याची नक्षीही काही अंशी मज्जारज्जूच्या खालच्या भागात असते. मेंदू 'चल' म्हणतो, 'थांब' म्हणतो, तोल सांभाळतो. माणसात मात्र मांजरापेक्षा मेंदूचा वाटा फार मोठा आहे. नुसत्या पत्त्यांवर माणसाचा माग चालत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चित्रफितीत ती सांगितलेली नसते.

या शोधांवरून १९९० च्या दशकात डॉक्टरांनी माणसांना पट्ट्याने टांगून, शरीराचे थोडे वजन वरच्या वर पेलून, चालत्या पट्ट्यावर चालवायला सुरुवात केली. जर्मनीत आंतोन व्हेर्निग यांनी यावर पुष्कळ काम केले. अडचण मजुरीची होती. एका रुग्णाला चालवायला दोन-तीन माणसे लागत. एक जण उजवा पाय उचलून ठेवी, एक डावा, आणि तिसरा कंबर सांभाळी. वाकून वाकून त्या माणसांच्याच पाठी दुखू लागत आणि काम थांबे.

ही अडचण स्वित्झर्लंडमधील ज्यूरिखच्या बालग्रिस्ट इस्पितळात सोडवली गेली. ज्या मुलखातून आपल्याकडे सुलझरचे बिनधोट्याचे माग आले, तोच हा मुलूख. सुलझरचे विंटरथूर ज्यूरिखच्या शेजारीच आहे. तिथे प्राध्यापक फोल्कर डीट्झ यांच्याबरोबर काम करणाऱ्या गेरी कोलंबो या इंजिनिअरने पाय उचलणाऱ्या माणसांच्या जागी मोटारी बसवल्या. १९९६ मध्ये त्यांनी साथीदारांसह होकोमा नावाची कंपनी उभी केली आणि २००० साली या यंत्राचा शास्त्रीय अहवाल प्रसिद्ध झाला. यंत्राचे नाव लोकोमॅट. पुढे अशी अनेक यंत्रे निघाली. आपल्या देशातही केरळमधील तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्स या कंपनीने जी-गेटर नावाचे यंत्र तयार केले आहे. गटारात माणूस उतरवावा लागू नये म्हणून बँडिकूट नावाचे यंत्र बनवणारी हीच ती कंपनी.

काम कसे चालते?

यंत्राचे तीन भाग असतात. खाली चालता पट्टा, वर वजन पेलणारी टांगणी आणि दोन्ही बाजूंना पायांचे सांगाडे. रुग्णाला छाती-कमरेभोवती पट्टे बांधून उचलतात आणि पट्ट्यावर उभा करतात. शरीराचे किती वजन टांगणीने पेलायचे आणि किती पायांवर सोडायचे, हे ठरवता येते. सांगाड्याच्या खुब्याच्या व गुडघ्याच्या जागी मोटारी असतात, दोन्ही पायांच्या मिळून चार. पाऊल उचलताना बोटे घासू नयेत म्हणून पंजा पट्टीने वर ओढून धरतात. संगणक या सर्वांची लय पट्ट्याच्या वेगाशी जुळवतो. रुग्ण स्वतः किती जोर लावतो हेही यंत्र मोजते आणि समोरच्या पडद्यावर दाखवते.

यंत्राचा खरा फायदा पावलांच्या संख्येत आहे. साधा हिशेब करू. ताशी २ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालले तर १ किलोमीटर होते. पाऊल अर्ध्या मीटरचे धरले तर ती २,००० पावले होतात. हाताने पाय उचलून देणाऱ्या माणसांकडून एका बैठकीत एवढी पावले काढून घेणे कठीण. शिवाय पहिले पाऊल आणि दोन हजारावे पाऊल एकाच मापाचे पडते. हुन्नर हातात बसायला तीच क्रिया हजारदा करावी लागते, हे आपल्या कोणत्याही उस्तादाला विचारावे.

तोटाही याच गुणात आहे. रुग्णाने जोर लावला नाही तरी यंत्र पाऊल टाकतेच. माणूस टांगणीत झोकून देतो आणि पाय चालत राहतात. उस्तादाने शागिर्दाचा हात धरून बारा महिने कात्री चालवली तर कापड कापले जाईल, शागिर्द शिकणार नाही. म्हणून चांगला थेरपिस्ट यंत्राची मदत हळूहळू कमी करत जातो आणि रुग्णाला जोर लावायला भाग पाडतो. यंत्र सुरू करून थेरपिस्ट दुसऱ्या खोलीत निघून जात असेल, तर तिथे पैसे घालू नयेत.

चाचण्यांचा ताळेबंद

आता मुद्द्याचा प्रश्न : या यंत्रावर चालल्याने माणूस जमिनीवर चालू लागतो काय? इथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी. अर्धवट दुखापतीत काही सुधारणा आपोआप होते. तिचा मोठा भाग पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होतो आणि पुढे ती मंदावते. याच महिन्यांत रुग्ण यंत्रावर चढला तर सुधारणेचे सारे श्रेय यंत्राला मिळते. पावसाने पीक आले आणि नाव खताचे झाले, त्यातलाच प्रकार. म्हणून खरे-खोटे पाहायचे तर दोन गट करावे लागतात : एकाला यंत्र, दुसऱ्याला तितकाच वेळ साधी मेहनत.

असे केले गेले. २००६ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सहा केंद्रांतल्या १४६ नव्या अर्धवट दुखापतीच्या रुग्णांना बारा आठवडे तालीम दिली होती. एका गटाला टांगणीने पट्ट्यावर, दुसऱ्याला तितकाच वेळ जमिनीवर. यात रोबोट नव्हता, माणसेच पाय हलवत होती. चालण्याच्या वेगात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. ज्यांच्या तारा बऱ्यापैकी शिल्लक होत्या ते दोन्हीकडे चालू लागले.

२०११ साली अमेरिकेतील मायामी येथे फील्ड-फोट आणि रोच यांनी जुन्या दुखापतीच्या रुग्णांचे चार गट करून चाचणी प्रसिद्ध केली. त्यात एक गट रोबोटचा होता. सर्वाधिक अंतर वाढले ते जमिनीवर चालणाऱ्यांचे. रोबोटच्या गटाचा वेग जवळजवळ वाढला नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ५ चाचण्या आणि ३०९ रुग्ण एकत्र तपासले. कोणतीही एक पद्धत दुसरीपेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१७ मध्ये दक्षिण कोरियाच्या अभ्यासकांनी १० चाचण्या आणि ५०२ रुग्ण एकत्र पाहिले. नव्या दुखापतीत रोबोटच्या तालमीने चालण्याचे अंतर आणि पायांची ताकद जास्त वाढलेली दिसली. म्हणजे यंत्र अगदीच निकामी नाही. नवी दुखापत, तारा काही शिल्लक, आणि सोबत नेहमीची फिजिओथेरपी, असे असेल तर ते चांगले हत्यार आहे. पण तुटलेली तार ते जोडत नाही. 'ए' दर्जाच्या जुन्या दुखापतीत यंत्रावर कितीही किलोमीटर चालले तरी यंत्रातून उतरल्यावर पाय होते तसेच राहतात. आमच्या चंद्याच्या वहीवर हे वाक्य आम्ही पहिल्या दिवशीच लिहायला हवे होते.

अंगावर घालायचा सांगाडा

आणखी एक प्रकार आहे आणि लोक दोन्हींत घोटाळा करतात. हा सांगाडा कपड्यासारखा अंगावर चढवून, हातात कुबड्या घेऊन जमिनीवर चालायचे असते. इस्रायलमधील इंजिनिअर अमित गोफर यांना १९९७ साली अपघातात लकवा आला, त्यानंतर त्यांनी असा सांगाडा तयार केला. त्याचे नाव रीवॉक. २०१४ मध्ये अमेरिकेने तो घरी वापरायला परवानगी दिली. गोफर यांची दुखापत मानेची, हातातही कुबडी धरण्याची ताकद नाही. म्हणून त्यांनी जगासाठी केलेले हे यंत्र त्यांच्या स्वतःच्या कामी आले नाही. कॅलिफोर्नियाचे एक्सो आणि जपानचे हॅल ही याच जातीची आणखी दोन यंत्रे.

या सांगाड्यात 'ए' दर्जाचा रुग्णही चालू शकतो, पण सांगाडा अंगावर असेपर्यंतच. हातांत ताकद हवी, हाडे मजबूत हवीत, जवळ एक सोबती हवा. भाव पाहा : २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याने रीवॉकसाठी ९१,०३२ डॉलर हा दर ठरवला. त्या वेळच्या भावाने हे सुमारे ७५ लाख रुपये होतात. लोकोमॅटसारखे इस्पितळातले यंत्र तर कोटींच्या भाषेत बोलते. इस्पितळ ती रक्कम बैठकींच्या दरातून वसूल करणार, हा सरळ व्यापार आहे. समजा एका बैठकीला तीन हजार पडले, तर चाळीस बैठकींचे एक लाख वीस हजार होतात. परगावचे भाडे, खोली, सोबत्याचा बुडालेला रोज वेगळा.

आधी जीव, मग पाऊल

या सर्व चौकशीत आम्हाला सर्वात जास्त धक्का एका जुन्या गोष्टीने दिला. पूर्वी अशी दुखापत झालेली माणसे थोड्याच काळात मरत. मणक्याने मरत नसत. अंथरुणातल्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुबाधेने मरत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, लघवीची नीट काळजी घ्यायची, लवकर बसते करायचे आणि कामाला लावायचे, असा शिरस्ता घातला. माणसे जगू लागली. १९४८ मध्ये त्यांनी तिथे चाकाच्या खुर्चीवरच्या रुग्णांचे खेळ भरवले. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. आपल्या सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे की मज्जारज्जूला दुखापत झालेल्या माणसाला अकाली मृत्यूचा धोका इतरांपेक्षा दोन ते पाच पट असतो. आणि त्यामागची पुष्कळशी कारणे टाळता येण्याजोगी आहेत. म्हणून पैसा खर्च करण्याचा क्रम आम्ही असा समजलो :

पहिले, त्वचा. चांगली गादी, खुर्चीवर योग्य उशी, अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलणे, खुर्चीवर बसल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बैठक उचलणे.

दुसरे, लघवी व शौच. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ठरावीक तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढायला शिकणे. वेळ चुकली तर मूत्रपिंडावर येते.

तिसरे, मापाची चाकाची खुर्ची. इस्पितळाच्या व्हरांड्यातली सर्वांसाठी असलेली खुर्ची चालत नाही. शेरवानी मापाची शिवतो, मग ज्यावर जन्म काढायचा ती खुर्ची बिनमापाची का?

चौथे, सांधे आणि हात. रोजची फिजिओथेरपी, म्हणजे पाय आखडणार नाहीत आणि हातांत खुर्ची-पलंग करण्याची ताकद येईल.

पाचवे, रोजगार. शिवणयंत्र हाताने चालू-बंद करता येईल असे करून घेता येते. जरीकाम, मोबाइल दुरुस्ती, हिशेबाचे काम बसून होते. पण एक इशारा : पायांना जाणीव नसते. मांडीवर गरम इस्त्री किंवा चहाचा पेला ठेवला तर मांस भाजेपर्यंत कळत नाही.

हे पाच झाल्यावर हात शिल्लक असेल आणि दर्जा 'सी' किंवा 'डी' असेल तर यंत्राचा विचार जरूर करावा.

यंत्रावर जाण्याआधी विचारायचे प्रश्न

दर्जा कोणता, आणि तो कोणत्या तारखेला तपासला? किती बैठकी, आणि शेवटी काय मोजणार? दहा मीटर चालायला लागणारा वेळ आणि सहा मिनिटांत चाललेले अंतर ही सोपी मापे आहेत. ती सुरुवातीला लिहून घ्यावीत आणि ठरलेल्या बैठकींनंतर पुन्हा मोजावीत. फरक नसेल तर थांबावे. तितक्याच वेळात जमिनीवरची तालीम दिली तर काय होईल, हेही विचारावे. जो याचे उत्तर टाळतो त्याच्याकडे सौदा करू नये.

यंत्रावर चढवण्याआधी हाडांची तपासणी हवी. न वापरलेल्या पायांची हाडे पोकळ होतात आणि मोडू शकतात. अंगावर जखम असेल, सांधे आखडले असतील, उभे करताच रक्तदाब उतरत असेल तर आधी त्याचा इलाज. दुखापत छातीच्या वरच्या भागातली किंवा मानेची असेल तर रक्तदाब एकदम चढण्याचा धोका असतो. डोके ठणकू लागले, घाम फुटला तर यंत्र ताबडतोब थांबवून डॉक्टरांना बोलवायचे, हे सोबत्याने शिकून घ्यावे.

सल्ल्यासाठी मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. दर्ग्याला जाताना आपण तिच्यावरूनच जातो. दिल्लीच्या वसंत कुंजमध्ये इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे. १९६५ मध्ये एव्हरेस्ट चढून आलेले आणि त्याच वर्षीच्या युद्धात मानेत गोळी लागून चाकाच्या खुर्चीवर आलेले मेजर अहलुवालिया यांनी ते उभारले. अपंगत्वाचा दाखला म्हणजे यू.डी.आय.डी. कार्ड वेळेवर काढावे. खुर्चीसारखी साधने सरकारी योजनेतून मिळू शकतात.

आपल्या गाळ्यात काय?

या दुखापतीचा सर्वात स्वस्त इलाज गोदामातच आहे. थप्पी किती उंच लावायची याची हद्द ठरवा. चढायला शिडी ठेवा, गासडीवरून गासडीवर उड्या मारणे बंद करा. माळ्याला कठडा बसवा. आणि कुणी पडलेच तर त्याला काखेत हात घालून उचलू नका, रिक्षात दुमडून बसवू नका. तुटायची राहिलेली तार याच वेळी तुटते. मान व पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून फळीवर घ्या आणि १०८ ला फोन करा. आमच्या मुलाला रिक्षातून नेले होते. त्याने फरक पडला काय, हे अल्लाहच जाणे. पण तो प्रश्न त्याच्या वडिलांच्या मनातून जात नाही. आपले कामगार ई.एस.आय. किंवा विम्याखाली आहेत की नाहीत, हेही आजच वहीत पाहा.

आता त्या चंद्याचे. मुलाचा दर्जा दुसऱ्यांदा तपासला, तो 'ए'च निघाला. माग विकण्याचा सौदा आम्ही मोडला. वडील आमच्यावर नाराज झाले आणि पंधरा दिवस दुकानात आले नाहीत. पण चंदा यंत्राच्या नावाने घेतलेला होता. ती अमानत. आमच्या मर्जीने दुसरीकडे लावता येत नव्हती. म्हणून आम्ही वही घेऊन पुन्हा दारोदार गेलो, यंत्राचा उपयोग नाही हे सांगितले आणि खुर्ची, उशी, नळ्या, घराच्या दाराचा उतार यांसाठी परवानगी मागितली. जकातीची रक्कम वेगळी ठेवून तिच्याबद्दल मौलानासाहेबांना विचारले. दोघांनी पैसे परत मागितले, ते दिले. बाकी सर्वांनी होकार दिला. चंदा गोळा करण्यापेक्षा ही दुसरी फेरी अवघड होती.

मुलगा आता त्याच चार मागांच्या कारखान्यात खुर्चीवर बसून बीमचा आणि मजुरीचा हिशेब ठेवतो. दर अर्ध्या तासाला मोबाइलची घंटी वाजते आणि तो हातांवर जोर देऊन बैठक उचलतो. चालण्याची उम्मीद त्याने सोडलेली नाही, आणि ती सोड असे आम्ही म्हणणारही नाही. स्वित्झर्लंडच्याच लोझान शहरातील शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये एका रुग्णाच्या मेंदूचे इशारे यंत्राद्वारे मज्जारज्जूपर्यंत पोहोचवून त्याला चालवून दाखवले आहे. ती दुखापत अर्धवट होती आणि ते काम अजून प्रयोगाच्या अवस्थेत आहे. उद्या बाजारात काय येईल ते कुणी सांगावे? ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्याची त्वचा, मूत्रपिंडे आणि हाडे शाबूत असली पाहिजेत. त्यासाठीच हा सारा खर्च.

मोहल्ल्याकडे एक काम बाकी आहे. आमच्या मशिदीच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. एक फूट उंचीला बारा फूट उतार, असे चाकाच्या खुर्चीचे माप आहे. जुम्याला त्या मुलाला चौघे जण उचलून आत नेतात आणि तो मान खाली घालून बसतो. उतार बांधायचा खर्च यंत्राच्या काही बैठकींएवढाच येईल. पुढच्या बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत, आणि वाचक बांधवांनीही आपापल्या मशिदीची आणि दुकानाची पायरी एकदा मोजून पाहावी.